जेनेरिक प्रकारचलाची ओळख : जावा भाषेतील प्रतिमानांची एक चिकित्सा

सारांश : एकच आज्ञावली अनेक प्रकारच्या विदेवर चालविता यावी यासाठी आधुनिक संगणकभाषांत जेनेरिक प्रकारचलांचा उपयोग केला जातो. हे चल बहुधा ‘टी’ किंवा ‘ई’ अशा एका अक्षराने लिहिले जात असल्यामुळे त्याचे स्वरूप साधे भासते. परंतु भाषेला स्वतःच्याच आज्ञावलीचे वर्णन करावयाचे असते, तेव्हा या चलाचे प्रतिमान कसे उभारावे हा प्रश्न अवघड होतो. प्रस्तुत लेखात जावा भाषेतील अशा दोन प्रतिमानांची चिकित्सा केली असून सी-शार्प आणि पायथन यांच्याशी त्यांची तुलना केली आहे. प्रकारचलाची ओळख अक्षरात नसून घोषणेत असते आणि घोषित, अव्यक्त व बंदिस्त या तीन चलांची गल्लत टाळली पाहिजे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : प्रकारचल, जेनेरिक, प्रतिमान, रिफ्लेक्शन, प्रकारविलोपन, अव्यक्त

१. प्रस्तावना

संगणकाच्या आज्ञावलीत प्रत्येक मूल्याला एक प्रकार असतो. हजेरी क्रमांक हा पूर्णांक, विद्यार्थ्याचे नाव हा अक्षरसमूह, तर प्रवेश-अर्ज ही अनेक रकान्यांची मिळून झालेली रचना होय. ‘यादीतील पहिला घटक द्या’ ही आज्ञा मात्र यांपैकी कोणत्याही प्रकाराशी बांधलेली नाही. यादी विद्यार्थ्यांची असो, ग्रंथालयातील पुस्तकांची असो वा शुल्काच्या पावत्यांची असो, पहिला घटक काढण्याची कृती तीच राहते. अशा वेळी प्रकाराच्या जागी ‘टी’ हे चल लिहिले जाते. ‘टी’ची यादी दिल्यास ‘टी’ प्रकाराचा घटक मिळेल, म्हणजे जे आत जाते तेच बाहेर येते, एवढेच वचन त्यात असते.

जावा भाषेत ही सोय पाचव्या आवृत्तीबरोबर २००४ साली आली. त्यापूर्वी यादीत काहीही ठेवता येई. बाहेर काढताना प्रकार कोणता हे आज्ञावलीकाराने स्वतःच्या जबाबदारीवर सांगावे लागे, आणि ते चुकल्यास आज्ञावली चालता चालता थांबत असे. प्रकारचलामुळे ही चूक कंपायलरच्या टप्प्यावरच पकडली जाऊ लागली.

येथे पारिभाषिक संज्ञेविषयी खुलासा आवश्यक आहे. ‘जेनेरिक’ या शब्दासाठी ‘जातीय’ हा पर्याय व्युत्पत्तीच्या दृष्टीने जवळचा असला तरी आजच्या मराठीत त्याला निराळा सामाजिक अर्थ चिकटलेला आहे. औषधांच्या संदर्भात ‘जेनेरिक’ हा शब्द मराठी वाचकाच्या परिचयाचा झाला आहे. म्हणून प्रस्तुत लेखात तोच स्वीकारला असून ‘टाइप व्हेरिएबल’ यासाठी ‘प्रकारचल’ ही संज्ञा योजली आहे.

२. सैद्धान्तिक पार्श्वभूमी

प्रकारचलाचा विचार जावापेक्षा पुष्कळ जुना आहे. ख्रिस्तोफर स्ट्रेची यांनी १९६७ साली कोपनहेगन येथील व्याख्यानांत बहुरूपतेचे दोन भेद केले. एकाच नावाखाली निरनिराळ्या प्रकारांसाठी निरनिराळ्या कृती असणे हा पहिला भेद, आणि सर्व प्रकारांसाठी एकच कृती असणे हा दुसरा. प्रकारचल या दुसऱ्या भेदाचे साधन होय. जे. रॉजर हिंडली यांनी १९६९ मध्ये आणि रॉबिन मिल्नर यांनी १९७८ मध्ये प्रकार न लिहिता तो शोधून काढण्याची पद्धत मांडली. झाँ-इव्ह झिरार यांनी १९७२ मध्ये व जॉन रेनॉल्ड्स यांनी १९७४ मध्ये, परस्परांपासून स्वतंत्रपणे, ज्यात प्रकारचल स्पष्टपणे घोषित केले जाते असे कलन सिद्ध केले.

या लेखाच्या दृष्टीने निकोलास द ब्राउन यांचे १९७२ मधील कार्य विशेष महत्त्वाचे आहे. चलाला नाव देण्याऐवजी त्याची घोषणा किती पायऱ्या बाहेर आहे एवढा आकडा लिहिला तरी सूत्राचा अर्थ जसाच्या तसा राहतो, असे त्यांनी दाखविले. नाव हे वाचकाच्या सोयीसाठी असते, तर चलाचे खरे अस्तित्व घोषणेशी असलेल्या नात्यात असते, हे यावरून सिद्ध होते. कोणतेही प्रतिमान या कसोटीवर तपासले पाहिजे.

३. ‘टी’ कोणाचा? : घोषणेचा प्रश्न

नागपूरच्या दक्षिणेकडील हुडकेश्वर परिसराचे उदाहरण येथे उपयुक्त ठरते. शेतजमिनींवर एकामागून एक ले-आउट पडत गेल्याने वाढलेल्या अशा वसाहतींत ‘प्लॉट क्रमांक १२’ एवढ्याच पत्त्यावर टपाल पोहोचणे कठीण, कारण प्रत्येक ले-आउटमध्ये क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतात. म्हणूनच विक्रीपत्रात मौजा, खसरा क्रमांक, ले-आउट आणि त्यानंतर प्लॉट क्रमांक असा उल्लेख केला जातो. प्लॉटची ओळख केवळ आकड्यात नसते. तो कोणत्या ले-आउटचा, यावर ती अवलंबून असते.

प्रकारचलाचेही तसेच आहे. जावामध्ये ‘पेटी’ नावाचा क्लास ‘टी’ हे चल घोषित करतो असे समजू. त्याच क्लासमधील ‘ठेवा’ ही मेथड स्वतःचे वेगळे ‘टी’ घोषित करू शकते. भाषेच्या नियमांनुसार हे वैध आहे. मात्र मेथडच्या आत लिहिलेले ‘टी’ हे आता पेटीचे राहत नाही. आतल्या घोषणेने बाहेरचीला झाकलेले असते. नवशिका विद्यार्थी पेटीत वस्तू ठेवू पाहतो आणि ‘टी’चे रूपांतर ‘टी’मध्ये होऊ शकत नाही, अशा आशयाची त्रुटी त्याच्यासमोर येते. वरवर पाहता हे वाक्य निरर्थक वाटते. जावाचा कंपायलर अशा वेळी दोन्ही चलांना क्रमांक देऊन पहिले मेथडने आणि दुसरे क्लासने घोषित केले आहे, असे खाली नमूद करतो. म्हणजे अक्षर अपुरे पडताच कंपायलर स्वतःच घोषणेचा आधार घेतो.

जावाच्या रिफ्लेक्शन या अंगात, म्हणजे आज्ञावलीने चालू असताना स्वतःच्या रचनेची चौकशी करण्याच्या सोयीत, प्रकारचलासाठी ‘टाइपव्हेरिएबल’ नावाचा इंटरफेस आहे. नाव काय, मर्यादा कोणत्या आणि घोषणा कोणी केली, हे तीन प्रश्न त्याला विचारता येतात. घोषणा करणारा घटक क्लास, मेथड किंवा कन्स्ट्रक्टर असू शकतो. एकाच चलासाठी स्मृतीत अनेक वस्तू निर्माण होऊ शकतात, परंतु त्या सर्व परस्परांशी समान ठरल्या पाहिजेत, असाही दंडक आहे. ओपन-जेडीकेमध्ये ही समानता घोषणा करणारा घटक आणि नाव या दोहोंवरून ठरविली जाते.

हा या प्रतिमानाचा गुणविशेष होय. येथे घोषणेला ओळखीचा भाग मानले आहे; केवळ ‘टी’ हे अक्षर जुळले म्हणून दोन चले एक मानली जात नाहीत. जावावर टीका करताना ही जमेची बाजू अनेकदा नजरेआड होते.

४. मर्यादांचा प्रश्न

प्रकारचलावर मर्यादा घालता येते. ‘ज्यांची परस्परांशी तुलना करता येते असेच प्रकार चालतील’ ही अट त्याचे नित्याचे उदाहरण होय. मर्यादा न लिहिल्यास सर्वांत व्यापक असा ‘ऑब्जेक्ट’ हा प्रकार मर्यादा म्हणून गृहीत धरला जातो.

अडचण निर्माण होते ती मर्यादेतच चलाचा पुन्हा उल्लेख आल्यावर. ‘टी’ची तुलना ‘टी’शीच करता आली पाहिजे, ही अट ‘टी’च्या व्याख्येतच ‘टी’ वापरते. जावाच्या प्रमाण संचातील ‘इनम’ हा क्लास याच पद्धतीने घोषित आहे. अशा चलाची मर्यादा विचारली की तिच्यात तेच चल सापडते, त्याची मर्यादा विचारली की पुन्हा तेच. प्रकाराचे संपूर्ण वर्णन छापू पाहणारी भोळी आज्ञावली या फेऱ्यातून कधीच बाहेर पडत नाही. यावरून प्रकार म्हणजे शेंड्याकडे संपणारे झाड, ही समजूत अपुरी ठरते. प्रकारचल असलेला प्रकार हा स्वतःकडे परत येऊ शकणारा आलेख असतो. रिफ्लेक्शनच्या प्रतिमानात हा आलेख व्यक्त होतो, परंतु भेट दिलेल्या चलांची नोंद ठेवण्याची जबाबदारी वापरणाऱ्यावर पडते.

जावात प्रकारचलाचे दुसरेही एक प्रतिमान आहे. कंपायलर काम करीत असताना आज्ञावलीची तपासणी करणाऱ्या साधनांसाठी ते २००६ साली सहाव्या आवृत्तीत प्रमाणित झाले. त्यात ‘टाइपपॅरामीटरएलिमेंट’ ही घोषणा आणि ‘टाइपव्हेरिएबल’ हा तिच्यातून निर्माण होणारा प्रकार, असे दोन स्वतंत्र घटक आहेत. ऊर्ध्व मर्यादेबरोबर अधोमर्यादाही विचारता येते. घोषणा आणि तिचा वापर यांतील हा भेद तत्त्वतः अधिक काटेकोर आहे. ले-आउटच्या मंजूर नकाशावर आखलेला प्लॉट आणि पत्त्यात लिहिलेला प्लॉट क्रमांक यांत जो फरक आहे, तोच येथे जपला गेला आहे. परंतु एकाच भाषेत, एकाच नावाचे दोन इंटरफेस निरनिराळ्या रचनेचे असणे ही अभ्यासकाची गैरसोय होय.

५. प्रकारविलोपन आणि त्याचे परिणाम

जावाच्या प्रतिमानांवरील सर्वांत गंभीर आक्षेप मात्र निराळा आहे. कंपायलर प्रकारांची तपासणी पूर्ण करतो आणि नंतर ही माहिती वस्तूंमधून काढून टाकतो. यालाच प्रकारविलोपन किंवा टाइप इरेजर म्हणतात. त्यामुळे आज्ञावली चालत असताना अक्षरसमूहांची यादी आणि पूर्णांकांची यादी या दोन्ही केवळ ‘यादी’ उरतात. घोषणांमधील माहिती क्लासच्या फाइलमध्ये टिकून राहते, म्हणून एखादा रकाना ‘अक्षरसमूहांची यादी’ असा घोषित असल्याचे रिफ्लेक्शनला कळते. प्रत्यक्ष हाती आलेल्या यादीकडून मात्र ते कळत नाही. घोषणा टिकते, पण त्या घोषणेनुसार दिलेले मूल्य टिकत नाही, असा हा प्रकार आहे.

या निर्णयामागे ठोस कारण होते. २००४ पूर्वी लिहिलेल्या असंख्य आज्ञावली आणि संच न बदलता चालत राहणे आवश्यक होते. शिवाय विलोपन हा स्वतः दोष नव्हे. एमएल परंपरेतील भाषाही चालताना ही माहिती सामान्यतः बाळगत नाहीत, कारण तेथे ‘टी’ म्हणजे नेमके काय हे विचारण्याची मुभाच आज्ञावलीला नसते. रेनॉल्ड्स यांनी १९८३ मध्ये मांडलेले प्राचलतेचे तत्त्व हेच सांगते की, खरोखर जेनेरिक असलेली कृती सर्व प्रकारांशी सारखीच वागते. जावाची अडचण अशी की, एकीकडे चालताना प्रकार विचारण्यास ती प्रोत्साहन देते आणि दुसरीकडे नेमके तेच उत्तर पुसून टाकते. दोष आहे तो या दोन धोरणांच्या विसंगतीत.

या विसंगतीची किंमत दैनंदिन कामात मोजावी लागते. जाळ्यावरून आलेला जेसन स्वरूपातील मजकूर जावाच्या वस्तूंमध्ये बदलणारे ‘जीसन’ आणि ‘जॅक्सन’ हे संच सर्वत्र वापरले जातात. त्यांना ‘विद्यार्थ्यांची यादी’ हवी आहे हे सांगावयाचे, तर विलोपनामुळे ते सरळ सांगता येत नाही. त्यावर उपाय म्हणून घोषणेत टिकून राहणाऱ्या माहितीचाच आधार घेणारी युक्ती नील गॅफ्टर यांनी २००६ मध्ये मांडली. एक निनावी उपक्लास तयार करून त्याच्या घोषणेतून प्रकार वाचावयाचा, अशी ती युक्ती होय. जीसनमधील ‘टाइपटोकन’ आणि जॅक्सनमधील ‘टाइपरेफरन्स’ याच तत्त्वावर आधारलेले आहेत.

ही युक्ती जेनेरिक मेथडच्या आत वापरली की फसते. तेथे ‘विद्यार्थी’ न मिळता केवळ ‘टी’ मिळते. पूर्वी जीसन अशा वेळी निमूटपणे ‘टी’च्या मर्यादेवर, म्हणजे ‘ऑब्जेक्ट’वर जाई, आणि त्या प्रकारात वाचलेली प्रत्येक संख्या दशांश संख्या बनत असे. हजेरी क्रमांक १०१ हा १०१.० होई. विद्यार्थ्याच्या जागी केवळ नाव-मूल्यांचा कोश मिळे, आणि चूक तिच्या मूळ स्थानापासून दूर, भलत्याच ओळीवर प्रकट होत असे. जीसनच्या अलीकडील आवृत्तीने प्रकारचल पकडले जाताच त्रुटी देण्यास सुरुवात केली आहे. त्या त्रुटीत कोणते चल, कोणी घोषित केलेले, हे दोन्ही सांगितलेले असते. कंपायलरप्रमाणे या संचालाही अखेर घोषणेकडेच यावे लागले.

६. अन्य भाषांशी तुलना

सी-शार्पने वेगळा मार्ग स्वीकारला. मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिज येथील संशोधनसंस्थेत अँड्र्यू केनेडी आणि डॉन साइम यांनी २००१ मध्ये मांडलेल्या आराखड्यावर आधारित जेनेरिक रचना २००५ साली त्या भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीत आली. येथे मूळ यंत्रणेतच बदल करून प्रकाराची माहिती चालतानाही राखली गेली. प्रकारचलाची जागा कितवी, घोषणा कोणत्या क्लासची वा मेथडची, हे विचारता येते. मात्र प्रकारचल आणि प्रत्यक्ष प्रकार या दोहोंसाठी ‘टाइप’ हा एकच क्लास वापरला आहे. त्यामुळे काही प्रश्न काही वस्तूंना लागूच पडत नाहीत. सामान्य प्रकाराला चल म्हणून त्याची जागा विचारल्यास त्रुटी येते, आणि चलाला पूर्ण नाव विचारल्यास रिकामे उत्तर मिळते. टिकाऊपणाच्या बाबतीत हे प्रतिमान जावापेक्षा सरस, तर वर्गीकरणाच्या स्पष्टतेत ते उणे ठरते.

पायथनचा अनुभव अधिक बोधप्रद आहे. २०१५ मधील ३.५ आवृत्तीपासून तेथे प्रकारचल ही स्वतंत्र वस्तू फाइलच्या आरंभी तयार करून अनेक कार्यांत वापरली जाई. ‘टी’ एकच, पण प्रत्येक कार्यात तिचा अर्थ स्वतंत्र, आणि ती कोणाची हे तपासणाऱ्या साधनाने संदर्भावरून ठरवावयाचे, अशी ती व्यवस्था होती. येथे अक्षरालाच वस्तूचे रूप दिले गेले आणि घोषणा गृहीत धरली गेली. ऑक्टोबर २०२३ मधील ३.१२ आवृत्तीने कार्याच्या अथवा क्लासच्या नावालगतच प्रकारचल घोषित करण्याची पद्धत आणली. चलाची व्याप्ती त्या घोषणेपुरती मर्यादित झाली. अक्षरापासून सुरू झालेल्या प्रतिमानाला आठ वर्षांनी घोषणेपर्यंत यावे लागले, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

७. चल, अव्यक्त आणि बंदिस्त

आतापर्यंत ‘प्रकारचल’ ही एकच संज्ञा वापरली. वस्तुतः तिच्याखाली तीन भिन्न गोष्टी येतात. हा भेद मांडण्यास भारतीय बीजगणिताची परिभाषा साहाय्यक ठरते.

भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात रचलेल्या ‘बीजगणित’ या ग्रंथात अज्ञात राशीला अव्यक्त म्हटले आहे. अनेक अव्यक्ते असल्यास त्यांना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक, लोहितक अशी निरनिराळी, बहुतांशी रंगवाचक नावे दिली आहेत. समान जातीच्या राशींचीच बेरीज-वजाबाकी करावी आणि भिन्न जातीच्या राशी वेगळ्या ठेवाव्यात, असा त्यांचा नियम आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापिलेल्या मठाची साक्ष देणारा शिलालेख चाळीसगावजवळील पाटण येथे आहे. पुढे विदर्भातील पयोष्णीकाठच्या दधिग्रामाशी नाते सांगणाऱ्या घराण्यातील कृष्ण दैवज्ञ यांनी इ.स. १६०० च्या सुमारास या ग्रंथावर ‘बीजपल्लव’ ही टीका लिहिली. म्हणजे चिन्ह आणि त्याची जाती यांचा विचार या प्रदेशाला नवा नाही.

तथापि हे साम्य मर्यादेतच स्वीकारले पाहिजे. बीजगणितातील अव्यक्त हे ठरावीक मूल्य असलेले, पण अद्याप न उलगडलेले असते. समीकरण सुटले की ते व्यक्त होते. पेटीचे ‘टी’ तसे नाही. त्याचे मूल्य पेटीच्या लेखकाने शोधावयाचे नसते. ते कोणतेही असले तरी आज्ञावली बरोबर चालली पाहिजे, अशी हमी त्याने द्यावयाची असते. हे घोषित चल होय.

अव्यक्ताशी खरे साम्य आहे ते कंपायलर प्रकार शोधताना जी तात्पुरती अज्ञाते मांडतो त्यांचे. मिल्नर यांची पद्धत म्हणजे प्रकारांची समीकरणे मांडून ती सोडविणेच होय. जावाच्या अधिकृत विनिर्देशात २०१४ मधील आठव्या आवृत्तीपासून या अज्ञातांसाठी स्वतंत्र प्रकरण असून तेथे त्यांना ग्रीक अक्षरे वापरली आहेत. घोषित चलांपासून ती वेगळी ओळखू यावीत, हा त्याचा लाभ होय. त्यांना मराठीत ‘अव्यक्त प्रकार’ म्हणणे सार्थ होईल.

तिसरा वर्ग बंदिस्त चलांचा. ‘कोणत्यातरी प्रकाराची यादी’ असे जावात प्रश्नचिन्ह लिहून सांगता येते. अशी यादी हाताळताना कंपायलर त्या प्रश्नचिन्हाच्या जागी दर वेळी एक नवे, निनावी चल कल्पितो. परिणामी अशा यादीतून काढलेला घटक पुन्हा त्याच यादीत ठेवण्याची आज्ञा कंपायलर नाकारतो, कारण दोन उल्लेखांसाठी त्याने दोन वेगळी चले मानलेली असतात. जेनेरिक मेथडची मदत घेऊन त्या प्रकाराला ‘टी’ असे नाव दिले की अडचण दूर होते. रिफ्लेक्शनमध्ये या निनावी चलांना स्थान नाही. तेथे केवळ प्रश्नचिन्हाचे वर्णन मिळते. दुसऱ्या प्रतिमानात ती आहेत, पण घोषित चलांच्याच इंटरफेसमधून. चल घोषित की बंदिस्त, हे थेट विचारण्याची सोय त्या इंटरफेसमध्ये नाही. घोषणा आणि वापर यांत काटेकोर भेद करणाऱ्या प्रतिमानाने, ज्याला लेखी घोषणाच नाही अशा चलाला त्याच साच्यात बसवावे, ही त्याची लक्षणीय उणीव होय.

८. अध्यापनाच्या दृष्टीने

महाविद्यालयीन वर्गांत जेनेरिक रचना बहुधा ‘टीच्या जागी हवा तो प्रकार लिहा’ अशी शिकविली जाते. हे स्पष्टीकरण पहिल्या तासाला पुरेसे असले तरी ते प्रकारचलाला रिकाम्या जागेचे रूप देते. झाकलेले ‘टी’, स्वतःकडे परतणारी मर्यादा, १०१ चे १०१.० होणे, यांपैकी कशाचाही उलगडा त्यातून होत नाही. विद्यार्थी त्रुटीचा संदेश न वाचता अक्षर बदलून पाहतो. आज्ञावली कधी चालतेही, पण आकलन वाढत नाही. त्याऐवजी कोणत्याही ‘टी’समोर हे चल कोणी घोषित केले, त्याच्यावर कोणती मर्यादा आहे आणि ते चालताना टिकते का, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय लावल्यास तोच संदेश बोलका होतो. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला चल आणि अव्यक्त या शब्दांचा भेद सांगून हा विषय त्याच्या शालेय बीजगणिताशी जोडता येतो.

९. निष्कर्ष

१. प्रकारचलाची ओळख त्याच्या अक्षरात नसून घोषणेत आहे. जावाच्या रिफ्लेक्शनने हे तत्त्व प्रारंभापासून पाळले, तर पायथनला त्याकडे नंतर वळावे लागले.

२. जावाच्या दुसऱ्या प्रतिमानातील घोषणा व वापर यांचा भेद अधिक शास्त्रशुद्ध असला तरी घोषित आणि बंदिस्त चलांना एकाच साच्यात ठेवणे ही त्याची उणीव आहे.

३. प्रकारविलोपन स्वतः दोषास्पद नाही. चालताना प्रकार विचारण्याची मुभा आणि उत्तर पुसण्याचे धोरण एकत्र नांदविल्याने दोष उत्पन्न होतो, आणि त्याचा भार संच लिहिणाऱ्यांवर पडतो.

४. सी-शार्पच्या उदाहरणावरून माहिती टिकविणे आणि तिचे योग्य वर्गीकरण करणे ही दोन स्वतंत्र कामे असल्याचे दिसते.

५. घोषित, अव्यक्त आणि बंदिस्त हा त्रिविध भेद अध्यापनात आणि मराठी परिभाषेत रुजविणे इष्ट होय. भास्कराचार्यांनी भिन्न अव्यक्तांना भिन्न रंगांची नावे देऊन गणिताची वाट सुकर केली. एकाच ‘टी’खाली दडलेल्या तीन गोष्टींना वेगळी नावे मिळाली, तर विद्यार्थ्यांची वाटही तितकीच सुकर होईल.